थिटा पाय भगिनी मंडळ

"थिटा पाय? कुणाचा?" हिंदुरावांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

"कुणाचा नाही, अण्णा. थीटा पाय. ग्रीक अक्षरं आहेत ती. त्या मुलींच्या ग्रुपचं नाव आहे," उल्का म्हणाली.

"पोरींचा ग्रूप, अन् नाव थिटा पाय? समद्याच लंगडत चालत्यात का काय?"

उल्काने डोळे मिटून घेतले. गेल्या आठवड्यात कॉलेजचं पत्र घरी आल्यापासून ती या बोलण्याची तयारी करत होती, आणि ते पहिल्याच वाक्याला लंगडं झालं होतं.

पत्र हजेरीचं होतं. मांजरीहून पहिली पीएमटी सहा दहाला सुटायची, म्हणजे वेळापत्रकात सुटायची. प्रत्यक्षात ड्रायव्हरचा चहा झाला की सुटायची. हडपसरला बस बदलायची. तिथे पहिली बस भरलेली, दुसरी न थांबणारी, आणि तिसरी थांबली तर दाराला लोंबकळायला जागा मिळेल अशी. सात वीसच्या मायक्रोबायॉलॉजीच्या तासाला उल्का रोज आठला पोचायची, आणि हजेरी तर तासाच्या सुरुवातीलाच व्हायची. पहिल्या सत्रात त्या तासाला तिची हजेरी भरली होती शून्य टक्के. दुसऱ्या सत्रात पंच्याहत्तर भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"बस जमत नसंल तर ऱ्हाऊ दे त्ये," हिंदुरावांनी पत्र वाचून त्याच दिवशी निकाल दिला होता. "हडपसरहून बाहेरनं बी.ए. कर. घरी बसून हुतंय."

उल्काला बी.ए. करायचं नव्हतं. तिला सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायचे होते. लहानपणी दह्यात जिवंत काहीतरी असतं हे कळल्यापासून तिला तेच करायचं होतं. कॉलेजच्या होस्टेलची यादी मात्र जूनमध्येच भरली होती. आता सगळ्या पुण्यात तिच्यासाठी एकच खाट मोकळी होती, आणि ती होती थीटा पायच्या बंगल्यात.

थीटा पाय ही नीरजाची कल्पना. नीरजाची मावशी अमेरिकेत ओहायोला असायची. तिकडच्या कॉलेजात मुली असे गट करून एका घरात राहतात, गटाला ग्रीक अक्षरांचं नाव देतात, एकमेकींना सिस्टर म्हणतात आणि नवीन मुलीची कडक परीक्षा घेऊन मगच तिला आत घेतात, हे तिने फोटोंसकट कळवलं होतं. नीरजाने कॉलेजमागच्या एका बंगल्याचा तळमजला भाड्याने मिळवला आणि आणखी अकरा मुली जमवल्या. त्यांतल्या एकीचं लग्न ठरलं म्हणून खाट रिकामी झाली. येत्या रविवारी चार वाजता चहा होता, आणि चहानंतर त्या खाटेसाठी मतदान.

हिंदुराव कुठल्याही गोष्टीला दोनच प्रश्न विचारत. बैल घेताना तेच, आणि थोरल्या मुलीचं स्थळ बघतानाही तेच.

"फायदा?"

"कॉलेज सात मिनिटांवर. पुढच्या वर्गातल्या मुलींच्या नोट्स मिळतात. आजारी पडलं तर बघायला माणूस असतं. पुढं नोकरीच्या वेळी जुन्या मुली ओळख देतात."

"तोटा?"

"थोडी वर्गणी आहे. मोठ्या मुलींचं ऐकायला लागतं. झाडलोट, भांडी वाटून घ्यायची."

"ह्यो तोटा न्हाई. घरी करत न्हाईस, तिथं तरी करशील. पर ह्ये हाय काय नेमकं? क्लब म्हंजी पत्त्याचा अड्डा."

"क्लब नाही, अण्णा. सोरोरिटी."

"मराठीत सांग."

उल्का उठली, फळीवरचा इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "भगिनी मंडळ."

चुलीपुढून आनंदीबाई ताडकन उठल्या.

"आगं मग आधी सांगायचं न्हाई का! भगिनी मंडळ म्हणं, अन् आम्ही मघापासनं पाय बघतोय!"

उल्काची आई आनंदीबाई म्हणजे मांजरीच्या अहिल्या भगिनी मंडळाच्या नऊ वर्षांच्या अध्यक्षीणबाई. सभासद बावीस. गावात नळ आला तो या मंडळामुळे, दारूचं दुकान गेलं तेही या मंडळामुळे, आणि ग्रामसेवक वेळेवर यायला लागला तो या मंडळाच्या भीतीमुळे. आपली मुलगी पुण्याच्या भगिनी मंडळात जातेय म्हटल्यावर त्यांची मान ताठ झाली.

"हळदीकुंकू आसतं का?"

"असतं," उल्का म्हणाली. खाट डोळ्यासमोर होती.

"ठरावाची वही हाय?"

"आहे."

"अध्यक्षीण कोण?"

"नीरजाताई."

"भली बाई दिसती. आणि पापड?"

"तेही करतात," उल्का म्हणाली. एवढ्यावर आल्यावर पापडासाठी थांबण्यात अर्थ नव्हता.

हिंदुरावांनी हात धुतले. "मंडळ आसंल तर जा. पर जागा मी सोता बघनार. आवडली तर ऱ्हा, न्हाईतर त्याच पावली माघारी."

उल्काला वाटलं, जिंकले. इथपर्यंत तिची चूक एकच होती, आणि तीही शब्दकोशाची.

सोमवारी नीरजाने तिघी उमेदवारांना बंगल्यात बोलावून प्रत्येकीच्या हातात एकेक साबणाची डबी दिली. डबीत कापूस आणि कापसात मंडईतून आणलेलं एक गावरान अंडं होतं. अंड्यावर निळ्या शाईने नीरजाची सही.

"सात दिवस हे सतत जवळ ठेवायचं," नीरजा म्हणाली. "रविवारी चारला अख्खं परत आणायचं. जी अंडं सांभाळू शकत नाही, ती सिस्टरहुड काय सांभाळणार? आणि डबी वरच्या बाईंच्या नजरेस पडता कामा नये."

बाई म्हणजे घरमालकीण विजयमालाबाई. निवृत्त शिक्षिका, राहायला वरच्या मजल्यावर. भाडेकरारात त्यांच्या अटी तीनच होत्या: अंडी-मांस खायचं नाही, पुरुष आणायचा नाही, आवाज करायचा नाही. करार मोडला तर चोवीस तासांत जागा रिकामी. तिन्ही अटी बाईंनी स्वतः टाइप केल्या होत्या.

तिघींपैकी नगरच्या मुलीचं अंडं बुधवारी बसमध्ये फुटलं आणि ती बिचारी रडत बाद झाली. उरल्या दोघी, उल्का आणि हेमा. हेमाचं घर त्याच भागात, वडिलांची मोटार, आणि नीरजाशी तिची शाळेपासूनची ओळख. सगळ्यांना वाटत होतं की खाट हेमालाच मिळणार.

शुक्रवारी सकाळी हडपसरच्या स्टँडवर उल्काने सवयीने डबी उघडून पाहिली. आत नुसता कापूस होता. त्या दिवशी ती कॉलेजला गेलीच नाही, आल्या बसने मांजरीला परत आली.

"आई! माझ्या पिशवीतलं अंडं?"

"त्ये व्हय! काल पिशवी झाडाया घेतली तवा घावलं. गारठलेलं बिचारं. ठिवलं की खुडूक कोंबडीखाली. तिनं बी घेतलं गुमान."

उल्का धावत परसात गेली. डालग्यात तांबडी कोंबडी अंग फुगवून बसली होती. उल्काने हात पुढे केला, आणि लगेच मागे घेतला, कारण कोंबडीने तो फोडला होता. आनंदीबाईंनी सहज खाली हात घालून एकेक अंडं दाखवलं. अकरा अंडी. अकराही तांबूस, अकराही सारखी. नीरजाची सही कोंबडीच्या पोटाने घासून घासून केव्हाच पुसली होती.

उल्का तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली. मग हुंदके देत तिने अंड्याची सगळी हकिकत सांगितली.

"एवढंच ना?" आनंदीबाई म्हणाल्या. "मग समदीच न्हेऊ. अकरातलं एक तुजं हाय ह्ये तर खरं? अन् कोंबडी बी न्हेऊ, न्हाईतर बाकीची गारठतील. तसं बी रविवारी आमी येनारच हाय."

"आम्ही म्हणजे?"

"मंडळ! लेक दुसऱ्या मंडळात द्यायची तर आपलं मंडळ पोचवाया नगं का? तुझ्या नीरजाताईला कार्ड न्हाई का लिवलं मी, तुज्याकडंच दिलं टाकाया."

ते कार्ड केमिस्ट्रीच्या पुस्तकात होतं. उल्काने ते मुद्दामच टाकलं नव्हतं. "त्यांचं उत्तर आलं नाही ना अजून," ती चाचरत म्हणाली.

"मग झालं तर. हरकत आली न्हाई म्हंजी मंजूर. नऊ वर्सं मंडळ आसंच चाललंय."

रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना त्या शांत गल्लीत एक मॅटाडोर टेम्पो येऊन थांबला. हिंदुराव चालवत होते. मागून बावीस बायका उतरल्या. कुणाच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, कुणाच्या हातात लाडवांचा डबा, मुक्ताबाईंच्या डोक्यावर वळकटी, आणि आनंदीबाईंच्या कडेवर फडकं झाकलेलं डालगं. उल्का सगळ्यांत शेवटी उतरली. टेम्पोखाली लपता आलं असतं तर ती लपली असती.

"थिटा पाय मंडळ ह्येच का?" मुक्ताबाईंनी फाटकातूनच सगळ्या गल्लीला विचारलं.

वरच्या गॅलरीत विजयमालाबाई दिसल्या. त्यांनी बावीस बायका नजरेने मोजल्या आणि मग हिंदुरावांकडे पाहिलं.

"अहो मिशीवाले! आपण कुठे निघालात?"

"जागा बघाया. पोरगी ऱ्हानार हाय हितं."

"जागा फाटकाबाहेरूनही दिसते. पुरुषांना आत प्रवेश नाही."

"मी बाप हाय तिचा!"

"बाप पुरुषच असतात बहुधा. बाहेर थांबा."

आयुष्यात हिंदुरावांना असं कुणी अडवलं नव्हतं. ते क्षणभर लाल झाले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आपल्याला बी आत घेत न्हाईत!" ते स्वतःशीच म्हणाले. "म्हंजी जागा झकास हाय." आणि टेम्पोत जाऊन त्यांनी निवांत पाय पसरले.

आत नीरजाने तेरा कप मांडले होते. दार उघडल्यावर ती जी बाजूला झाली, ती भिंतीला टेकेपर्यंत मागेच सरकत गेली. बायका सतरंजीवर बसल्या, सतरंजी संपल्यावर खाटांवर बसल्या, खाटा संपल्यावर खिडकीत बसल्या. आनंदीबाईंनी भिंतीवरची ग्रीक अक्षरं पाहिली, कोपऱ्यातली गिटार पाहिली, दोरीवरच्या जीन्स पाहिल्या.

"बाई, तुमची ठरावाची वही जरा बघू," त्या नीरजाला म्हणाल्या.

"कसली वही?"

"मंडळाची. अन् हळदीकुंकू कंच्या वारी आसतं तुमच्यात?"

"सॉरी, हळदीकुंकू? इथे?" नीरजाने उल्काकडे पाहिलं.

आनंदीबाईंनीही उल्काकडे पाहिलं. मग तिचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं.

"ह्ये भगिनी मंडळ न्हाई."

"कोशात तसंच दिलंय, आई."

"कोश लिवनारा कधी मंडळात बसला हुता का?"

उल्का म्हणाली, "आई, मला माघारी नेऊ नकोस. मी खोटं बोलले. पण मला शिकायचंय गं. मला सात वीसला तिथं असायचंय."

आपल्या बावीस बायकांपुढे आपली लेक खोटी पडली, याचं आनंदीबाईंना वाईट वाटत होतं. पण त्यांनाही एकदा शाळेत जायचं होतं, आणि चौथीनंतर कुणी विचारलं नव्हतं, हेही त्यांना त्याच वेळी आठवत होतं. त्या बाहेर आल्या आणि नीरजासमोर उभ्या राहिल्या.

"खरं सांगा बाई. तुमी पोरी एकमेकींसाठी करता काय?"

नीरजाने एरवी इंग्रजीत भाषण दिलं असतं. पण समोर बावीस बायका होत्या. "काय करतो म्हणजे... अभ्यास करतो एकत्र. एकीला कावीळ झाली होती, तेव्हा पाळ्या लावून महिनाभर तिला बघितलं. एकीच्या घरून लग्नाची घाई चालली होती, तेव्हा सगळ्या मिळून तिच्या वडिलांना भेटायला गेलो."

"ऐकलं त्यांनी?"

"आधी नाही. तिसऱ्या वेळी ऐकलं."

"आन् तरास काय हुतो?"

"भांडणं होतात. कुणी भांडी घासत नाही. मी फार हुकूम सोडते म्हणतात."

मुक्ताबाई खो खो हसल्या. "आगं बया, ह्ये तर आपलंच की!"

"मंडळच हाय," आनंदीबाईंनी निकाल दिला. "फकस्त नाव वंगाळ हाय."

उल्काने श्वास सोडला. आणि नेमक्या त्याच वेळी डालग्यातली कोंबडी, बहुधा गर्दीने उकडून, मोठ्याने ओरडली.

जिन्यावर चपलांचा आवाज आला. दारात विजयमालाबाई उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"कोंबडी," नीरजा पुटपुटली.

"ते मला कळलं, मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय. ती भाडेकरू आहे की पाहुणी, एवढंच विचारतेय." त्यांनी फडकं बोटाने उचललं. "आणि खाली अंडी. नीरजा, करार वाचला होतास ना? चोवीस तास आहेत. खाटा मोजून न्या."

अकरा मुलींचे चेहरे पडले. एका खाटेसाठी आलेल्या उल्कामुळे अकराच्या अकरा खाटा चालल्या होत्या. ती काही बोलणार तोच आनंदीबाई ताट घेऊन पुढे झाल्या आणि बाईंच्या कपाळाकडे बोट नेलं.

बाई झटकन मागे सरल्या. "मला नको. मी... मला लावत नाहीत. मिस्टर जाऊन सतरा वर्षं झाली."

"आमच्या मंडळात तसलं काय न्हाई," आनंदीबाई म्हणाल्या. "ठराव नंबर चौदा. हळदीकुंकू समद्यांस्नी. निम्म्या बाया त्यासाठीच आल्यात मंडळात." आणि बाई पुढे काही म्हणायच्या आत त्यांनी कुंकू लावलंसुद्धा.

बाईंनी पदराने डोळे टिपले, चष्मा पुन्हा घातला आणि समोरच्या खाटेवर बसलेल्या चार बायकांना म्हणाल्या, "सरका जरा."

त्या बसल्या. त्यांना लाडू दिला गेला. लाडू संपल्यावर त्यांनी घसा साफ केला. "करारात अंडी खायची नाहीत असं लिहिलंय. ही खाल्ली जात नाहीयेत, उबवली जात आहेत. त्याबद्दल मी काही टाइप केलेलं नाही. पण ही इथे आलीच का?"

मग नीरजाला अंड्याची परीक्षा सांगावीच लागली, आणि गुरुवारी आपलं अंडं कोंबडीखाली कसं गेलं ते उल्काला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे अंडी घरात सोमवारीच आली होती. बरं. ते नंतर बघू. आता या मुलीचं अंडं कुठलं, ते कसं ठरवणार?"

"बॅटरी हाय का?" आनंदीबाईंनी विचारलं.

बाईंची मोठी टॉर्च आली, खिडक्यांचे पडदे ओढले गेले. आनंदीबाईंनी एक अंडं मुठीत धरून खालून प्रकाश टाकला. अंडं आतून नारिंगी उजळलं, आणि त्यात लाल शिरांचं जाळं दिसलं. जाळ्याच्या मध्यावर एक ठिपका होता, आणि तो हलत होता.

"हार्ट!" उल्का ओरडली. "आई, ते हृदय आहे!"

"पाच दिस झाल्यात. हललंच की."

तेरा मुली आणि एक निवृत्त शिक्षिका एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या. "एकतीस वर्षं मी याची आकृती काढली फळ्यावर," विजयमालाबाई म्हणाल्या. "रंगीत खडूने. खरं कधी पाहिलं नव्हतं." त्यांनी टॉर्च स्वतःच्या हातात घेतली आणि ती शेवटपर्यंत कुणाला दिली नाही. दहा अंड्यांत शिरा दिसल्या. अकरावं मात्र कोरं निघालं, आत नुसता पिवळा बलक.

"ह्ये तुमचं," आनंदीबाईंनी ते नीरजाच्या हातावर ठेवलं. "ह्यो परवाचा पाव्हणा."

अंडं अख्खं होतं. एक तडासुद्धा नव्हता. नीरजाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मग हेमाकडे हात केला. हेमाने आपली डबी पुढे केली. तिच्या अंड्यावर सही अगदी स्वच्छ होती. मुक्ताबाईंनी ते सहज उचललं, फरशीवर ठेवलं आणि दोन बोटांनी फिरवलं. अंडं भिंगरीसारखं गरगर फिरलं.

"उकडलंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "कच्चं आसं फिरत न्हाई."

हेमा लालेलाल झाली. "मम्मी म्हणाली सेफ राहील."

"तरीपण," नीरजा म्हणाली. तिच्या आवाजात आता फारसा जोर नव्हता, पण नियम तिने केले होते. "अंडं सतत स्वतःजवळ ठेवायचं होतं. उल्काचं तीन दिवस कोंबडीजवळ होतं. नियमाने तीही बाद."

आनंदीबाईंनी शांतपणे डालगं उचलून नीरजाच्या मांडीवर ठेवलं.

"मग कोंबडीला सभासद करा. तीन दिस तीच बसली हाय."

आधी विजयमालाबाई हसल्या. त्यांना हसताना त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. मग मुली हसल्या, बायका हसल्या, आणि शेवटी मांडीवर कोंबडी घेऊन नीरजाही हसली. हसू ओसरल्यावर हेमाने हात वर केला.

"माझं मत उल्काला. माझं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे. मला फक्त मम्मीपासून सुटायचं होतं."

"तू अजून मेंबर नाहीस, तुला मत नाही," नीरजा म्हणाली. मग तिने स्वतःचा हात वर केला. एकामागून एक दहा हात वर गेले. त्यांच्या मागून मांजरीच्या बावीस बायकांचेही गेले, कारण मतदान चालू असताना हात खाली ठेवायची त्यांना सवय नव्हती. शेवटी विजयमालाबाईंनी टॉर्च वर केली.

"आवाज झाला तो झाला," त्या म्हणाल्या. "पण कोंबडी आता हलवायची नाही. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती माझ्या मागच्या व्हरांड्यात राहील. मला रोज नोंद ठेवायची आहे. आणि आनंदीबाई, तुमच्या त्या मंडळात शहरातली बाई चालते का?"

"चालती की. वर्गणी नंतर द्या. आधी नाव सांगा."

मुक्ताबाईंनी वळकटी रिकाम्या खाटेवर उलगडली. फाटकाबाहेर हिंदुरावांना बातमी कळली तेव्हा ते टेम्पोतून उतरले, मिशीवरून हात फिरवला आणि गॅलरीकडे पाहून लांबूनच नमस्कार केला. "बाई, पोरीवर ध्यान ऱ्हाऊ द्या," ते ओरडले. "अन् मी कधी आलो तर आसंच हाकला!"

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा उल्काला जरा रडू आलं. पण ते फार टिकलं नाही, कारण नीरजाने तिच्या हातात घासायला छत्तीस कपबश्या दिल्या.

सोमवारी उल्का साडेसहाला उठली. अंघोळ केली, वेणी घातली, चहासुद्धा बसून प्यायली. सातला बाहेर पडली आणि सात मिनिटं चालत जाऊन वर्गात सगळ्यांत पुढच्या बाकावर बसली. वर्ग रिकामा होता. फळा कोरा होता. तो असा कोरा तिने पहिल्यांदाच पाहिला. हळूहळू मुलं येत गेली. सात वीसला सर आले, त्यांनी हजेरीपट उघडला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. उल्काचं नाव आलं तसं ते न थांबताच पुढे निघाले, कारण त्या नावाला उत्तर यायची त्यांना सवय नव्हती.

"प्रेझेंट, सर!" उल्का उभी राहून म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने.

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे निरखून पाहिलं. हा चेहरा त्यांनी वर्गाच्या सुरुवातीला कधीच पाहिला नव्हता.

"नवीन ॲडमिशन का?"

"नाही सर," उल्का म्हणाली. "जुनीच आहे. आज पोचली."